कोणत्या यादीत? भटक्या-विमुक्तांच्या प्रश्नाचा आढावा

कैकाडी समाजातली दोन घरं घ्या. एक पिढ्यान्‌पिढ्या अकोल्याकडचं, दुसरं सोलापूरचं. बोली एक, टोपल्या-कणग्या विणण्याचा धंदा एक. तरी अकोल्याच्या मुलाला अनुसूचित जातीचा दाखला मिळतो आणि सोलापूरच्या मुलाला विमुक्त जातीचा. याद्यांमधली क्षेत्रबंधनं 1976 साली संसदेने मोठ्या प्रमाणावर उठवली. कैकाड्यांचं मात्र विदर्भातल्या जिल्ह्यांपुरतं राहिलं. बंजाऱ्यांची तऱ्हा याहून मोठ्या भूगोलाची. तेलंगणात ते अनुसूचित जमात, कर्नाटकात अनुसूचित जाती, महाराष्ट्रात विमुक्त जाती. वडार कर्नाटकात भोवी म्हणून अनुसूचित जातीत आहे. इकडच्या बाजूला तो विमुक्त.

हा नुसता कारकुनी घोळ असता तर एखाद्या अध्यादेशाने मिटला असता. त्याच्या मागे दीडशे वर्षांचा कायद्याचा इतिहास आहे, पाऊणशे वर्षांच्या समित्या आणि आयोग आहेत आणि आजही न सुटलेले मतभेद आहेत. भटक्या-विमुक्तांबद्दल महाराष्ट्रात बोललं जातं ते बहुधा दोन प्रसंगी: एखाद्या मोठ्या समाजाने आरक्षणाच्या यादीसाठी मोर्चा काढला की, किंवा कुठे पालावरच्या माणसांना जमावाने मारलं की. मधल्या काळात प्रश्न कुठे पोचला, कोणाचं म्हणणं काय आहे आणि अडलंय कशावर, याची ही नोंद.

जन्माने गुन्हेगार

12 ऑक्टोबर 1871 रोजी व्हाइसरॉयच्या कौन्सिलमध्ये गुन्हेगार जमातींचा कायदा मंजूर झाला. कायदा सदस्य होते जेम्स फिट्झजेम्स स्टीफन. जातीप्रमाणे धंदा बापाकडून मुलाकडे जातो, तसा गुन्हाही जातो, हे त्यामागचं गृहीतक. त्याच कायद्याचा दुसरा भाग हिजड्यांच्या नोंदणीचा होता, ही गोष्ट सहसा विसरली जाते. घर नाही, शेत नाही, ठरलेला मालक नाही, रूढ कुटुंब नाही, अशा प्रत्येकाकडे राज्यकर्ते कोणत्या नजरेने पाहत होते हे त्यावरून कळतं.

सुरुवातीला कायदा उत्तर हिंदुस्थानापुरता होता. 1911 साली तो मुंबई आणि मद्रास इलाख्यांसह सगळीकडे लागू करता येईल असा झाला आणि 1924 साली त्याला अखेरचं एकत्रित रूप आलं. पद्धत सोपी होती. प्रांतिक सरकारने एखादी जमात गुन्हेगार म्हणून जाहीर करायची. त्या घोषणेला कोर्टात आव्हान नाही. मग नाव नोंदवायचं, बोटांचे ठसे द्यायचे, पाटलाकडे किंवा ठाण्यात हजेरी लावायची, गाव सोडायचं तर पास काढायचा. 1897 च्या दुरुस्तीने मुलांना आईबापांपासून तोडून सुधारगृहात ठेवण्याचीही सोय केली. शेवटची पायरी म्हणजे सेटलमेंट. सोलापूर, विजापूर, हुबळी, गदग इथल्या सेटलमेंटांमध्ये तारेच्या कुंपणाआड कुटुंबंच्या कुटुंबं ठेवली गेली आणि गिरण्या, रेल्वे, खाणी यांना त्यातून बांधील मजूर मिळाला. सोलापुरात तो भाग आजही सेटलमेंट याच नावाने ओळखला जातो.

या लोकांची आधीची ओळख वेगळी होती. बंजारे बैलांच्या पाठीवरून मीठ आणि धान्य वाहत. मोगलांच्या आणि मराठ्यांच्या फौजांचा दाणागोटा त्यांच्या तांड्यांवर अवलंबून असे. रामोशी आणि बेरड गावांची, गडांची राखण करत. रेल्वे आली, मिठावर सरकारी ताबा आला, गडांवरचे पहारे उठले, जंगलं राखीव झाली. धंदा गेलेला माणूस रस्त्यावर दिसला की तो संशयित ठरू लागला. 1832 साली फाशी दिलेल्या उमाजी नाईकांपासून रामोशांकडे बंडखोर म्हणूनही पाहिलं जात होतंच.

इथे अभ्यासकांमध्ये एक खरा वाद आहे. मीना राधाकृष्ण यांच्या 2001 सालच्या पुस्तकात दक्षिणेतल्या कोरवांच्या उदाहरणावरून दाखवलं आहे की ‘गुन्हेगार जमात’ ही बव्हंशी वसाहतीच्या अर्थकारणाने आणि पोलिसी सोयीने घडवलेली वस्तू होती. दिलीप डिसोझा यांनी त्याच वर्षी महाराष्ट्रातल्या पारध्यांवर लिहिताना हाच धागा वर्तमानात आणला. अनास्तासिया पिल्याव्स्की यांनी 2015 साली उलट बाजू मांडली: वंशपरंपरागत चोरांची कल्पना इंग्रज येण्याआधीच्या ग्रंथांत आणि राजव्यवहारात होती, इंग्रजांनी ती कायद्यात बसवली, शून्यातून काढली नाही. वाद पुस्तकी वाटतो, पण त्याचा परिणाम व्यवहारावर होतो. कलंक फक्त कायद्याने दिला असेल तर कायदा काढल्यावर तो जायला हवा होता. तो गेला नाही, एवढं तरी पुढचा इतिहास सांगतो.

विमुक्ती आणि तिच्यानंतर

मद्रास प्रांताने 1947 साली हा कायदा रद्द केला, मुंबईनेही पुढे त्याच वाटेने पाऊल टाकलं. केंद्राने अनंतशयनम अय्यंगार यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. 1950 च्या अहवालात तिने देशभर कायदा रद्द करण्याची शिफारस केली. प्रत्यक्ष रद्दबातल झाला तो 31 ऑगस्ट 1952 रोजी. म्हणजे समतेची हमी देणारी राज्यघटना लागू झाल्यावरही अडीच वर्षं या देशात जन्मावरून गुन्हेगार ठरवणारा कायदा पुस्तकात होता. 31 ऑगस्ट हा दिवस वस्त्यांवर विमुक्त दिन म्हणून पाळला जातो, काही ठिकाणी पंधरा ऑगस्टपेक्षा अधिक मनापासून.

पण त्याच अय्यंगार समितीने एक पर्यायही सुचवला होता: जन्म न पाहता, वारंवार शिक्षा झालेल्या व्यक्तीवर नजर ठेवणारा सराईत गुन्हेगारांचा कायदा. राज्यांनी तो केला. मुंबई राज्याचा 1959 सालचा. त्याकडे पुढे येऊ.

महाराष्ट्र स्थापन झाल्यावर थाडे समितीच्या 1961 च्या कामातून 14 विमुक्त जाती आणि 28 भटक्या जमाती अशी यादी उभी राहिली. बेरड, भामटा, कैकाडी, कंजारभाट, बंजारा, रामोशी, वडार, छप्परबंद एका बाजूला. गोंधळी, जोशी, नंदीवाले, वैदू, घिसाडी, कोल्हाटी, मसणजोगी, चित्रकथी, डवरी गोसावी दुसऱ्या बाजूला. त्यांना मिळून चार टक्के आरक्षण आलं. देशात इतर कुठेही भटक्या-विमुक्तांची अशी स्वतंत्र दखल इतक्या लवकर घेतली गेली नव्हती, हे मान्य करायला हवं. आश्रमशाळा निघाल्या, 1984 साली वसंतराव नाईकांच्या नावाचं विकास महामंडळ निघालं, 2011 साली जागा आणि घर देणारी मुक्त वसाहत योजना आली.

सरकारी कागदांत जे कधी आलं नाही ते मराठी आत्मकथनांत आलं. लक्ष्मण माने यांचं ‘उपरा’ 1980 चं, दादासाहेब मोरे यांचं ‘गबाळ’ 1983 चं, लक्ष्मण गायकवाड यांचं ‘उचल्या’ आणि भीमराव गस्ती यांचं ‘बेरड’ 1987 चं, किशोर शांताबाई काळे यांचं ‘कोल्हाट्याचं पोर’ 1994 चं. ‘उपरा’ आणि ‘उचल्या’ या दोन्हींना साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. या प्रश्नाचा पुरावा म्हणून कोणी एकच गोष्ट मागितली तर मी आयोगांचे अहवाल बाजूला ठेवून ही पुस्तकं पुढे करीन. अहवाल बहुतेक त्यांच्या नंतरचे आहेत.

यादीचा प्रश्न

वादाचा सगळ्यात मोठा आणि सगळ्यात गाजणारा भाग हाच आहे: या समाजांना घटनेच्या कोणत्या चौकटीत बसवायचं? ढोबळमानाने चार भूमिका दिसतात.

पहिली, अनुसूचित जमातीत घ्या. बंजारा संघटनांची ही जुनी मागणी. सप्टेंबर 2025 मध्ये मराठा आरक्षणासाठी राज्य सरकारने हैदराबाद गॅझेटचा आधार मान्य केला, तेव्हा ती पुन्हा रस्त्यावर आली. त्या जुन्या संस्थानी नोंदींत आपली नोंद जमात म्हणून आहे आणि त्याच संस्थानाच्या तेलंगणातल्या भागात आमचे भाऊबंद अनुसूचित जमातीत आहेत, मग मराठवाड्यातल्या आम्ही काय वेगळे, हा त्यांचा सवाल. धनगरांची मागणीही याच वळणाची. ती मुंबई उच्च न्यायालयाने फेब्रुवारी 2024 मध्ये फेटाळली. अनुसूचित यादीत भर घालण्याचा अधिकार संसदेचा, न्यायालयाने ती वाचायची आहे तशी, ही भूमिका त्यामागे आहे. आदिवासी संघटनांचा विरोधही समजून घेण्याजोगा. अनुसूचित जमातींच्या सात टक्क्यांत संख्येने मोठा आणि तुलनेने पुढे गेलेला समाज आला तर कातकरी, कोलाम, माडिया यांच्या वाट्याला काय उरेल, आणि आदिवासींच्या जमिनींना असलेल्या संरक्षणाचं काय होईल, ही भीती निराधार नाही.

दुसरी भूमिका: स्वतंत्र, तिसरी अनुसूची. तिची मुळं वाटतात त्याहून जुनी आहेत. 1965 साली लोकूर समितीने म्हटलं होतं की विमुक्त आणि भटक्या समाजांना अनुसूचित जाती-जमातींच्या याद्यांतून वेगळं काढून त्यांच्याकडे स्वतंत्र गट म्हणून पाहणं हिताचं. बाळकृष्ण रेणके यांच्या अध्यक्षतेखालच्या राष्ट्रीय आयोगाने 2008 च्या अहवालात देशातली या समाजांची लोकसंख्या दहा कोटींहून अधिक असल्याचा अंदाज केला आणि 50 टक्क्यांची मर्यादा ओलांडावी लागली तरी दहा टक्के वेगळं आरक्षण द्या, असं सुचवलं. भिकू रामजी इदाते यांच्या आयोगानेही आपल्या अहवालात स्वतंत्र घटनात्मक संरक्षण आणि कायमस्वरूपी आयोग यांची मागणी पुढे नेली. सरकारने 2019 साली आयोगाऐवजी कल्याण मंडळ नेमलं. कायम आयोग नेमला तर अनुसूचित जाती, जमाती आणि मागासवर्गांच्या आयोगांशी अधिकारक्षेत्राचा संघर्ष होईल, असं कारण दिलं गेलं. या भूमिकेपुढची अडचण उघड आहे: घटनादुरुस्ती लागेल, मर्यादेचा प्रश्न न्यायालयात जाईल, आणि आज अनुसूचित यादीत असलेले समाज, उदाहरणार्थ महाराष्ट्रातले फासेपारधी, ती जागा सोडून नव्या यादीत यायला तयार होतील असं नाही.

तिसरी, आहे त्याच यादीत आतली वाटणी करा. मंडल आयोगाचे सदस्य एल. आर. नाईक यांनी 1980 साली भिन्नमत नोंदवून इतर मागासवर्गांचे दोन भाग करा असं सांगितलं होतं. जमीन कसणाऱ्या जातींच्या शेजारी भटक्यांना उभं केलं तर भटक्यांच्या हाती काही लागणार नाही, हा त्यांचा मुद्दा. केंद्राच्या नोकऱ्यांची रोहिणी आयोगाने 2018 साली जी छाननी केली तिने त्याला आकडे दिले: 97 टक्के लाभ सुमारे 25 टक्के जातींकडे, आणि 983 जातींच्या नावावर शून्य. आयोगाने जुलै 2023 मध्ये अहवाल दिला. तो खुला झालेला नाही. अनुसूचित जातींमध्ये उपवर्गीकरण करता येतं, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाच्या सात न्यायाधीशांच्या पीठाने 1 ऑगस्ट 2024 रोजी दिल्यापासून या बाजूला बळ आलं आहे.

देश ज्याची आता चर्चा करतोय ते महाराष्ट्राने 1990 च्या दशकातच करून पाहिलं. चार टक्क्यांचे अकरा झाले आणि त्यांचे चार भाग पडले: विमुक्त जाती ‘अ’ 3 टक्के, भटक्या जमाती ‘ब’ अडीच, ‘क’ म्हणजे धनगर साडेतीन, ‘ड’ म्हणजे वंजारी 2. मोठे दोन समाज वेगळे झाल्याने लहानांना मोकळीक मिळाली, हे खरं. पण ‘अ’ आणि ‘ब’ यांच्या आत दरी तशीच राहिली. ‘अ’ मध्ये ज्या बंजारा समाजाने महाराष्ट्राला अकरा वर्षांहून अधिक काळ मुख्यमंत्री राहिलेले वसंतराव नाईक दिले, तो समाज आणि बेस्तर किंवा कटाबू हे एका रांगेत आहेत. बंजारा तांड्यावरची ऊसतोडीला जाणारी बाई यावर रास्त प्रश्न विचारेल की मुख्यमंत्रिपदाचा तिला काय उपयोग झाला. दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या आहेत, आणि जातीच्या पातळीवरची वाटणी कितीही बारीक केली तरी हा पेच उरतोच. शिवाय या चार भागांना नोकरी-शिक्षणात वेगळी जागा असली तरी पंचायत राज्यात ते सगळे नागरिकांच्या मागास प्रवर्गात एकत्र येतात. तिथे ज्याची मतं जास्त, त्याची जागा.

चौथी भूमिका कार्यकर्त्यांमध्ये अधिक ऐकू येते: आधी शाळा, घर आणि कागद द्या, यादीचं नंतर बघू. दहावीपर्यंत न पोचलेल्या मुलाला अकरा टक्के काय आणि एकवीस टक्के काय! यमगरवाडीसारखे निवासी शाळांचे प्रकल्प या विचारातून उभे राहिले. यावरचा प्रतिवादही चुकीचा नाही. योजना सरकारच्या मर्जीवर असतात, हक्क यादीतून येतो. 2022 साली केंद्राने शिकवणी, आरोग्यविमा, उपजीविका आणि घर अशा चार अंगांची ‘सीड’ योजना पाच वर्षांसाठी 200 कोटी रुपयांची म्हणून जाहीर केली. दहा कोटींच्या अंदाजित लोकसंख्येवर हा भागाकार कोणीही तोंडी करू शकेल.

इदाते आयोगाला कोणत्याच यादीत नसलेले अडीचशेहून अधिक समाज आढळले होते. पुढे 268 समाजांचा अभ्यास भारतीय मानववंशशास्त्र सर्वेक्षणाकडे सोपवला गेला. 179 समाजांचा समावेश कोणत्या ना कोणत्या यादीत करावा अशी त्याची शिफारस आहे; 63 समाज सापडलेच नाहीत. ते दुसऱ्या नावाने जगत आहेत, दुसऱ्यांत मिसळले, की राहिलेच नाहीत, हे कोण सांगणार?

कागद

यादी ठरली तरी दाखला काढायचा असतो. महाराष्ट्रात विमुक्त जाती-भटक्या जमातींसाठी मानीव दिनांक आहे 21 नोव्हेंबर 1961. त्या तारखेला आपलं घराणं राज्यात राहत होतं याचा पुरावा अर्जदाराने द्यायचा. नंदी घेऊन बाराही महिने फिरणाऱ्या माणसाच्या नातवाने आजोबा 1961 साली अमुक गावात होते हे कशावरून दाखवायचं? सातबारा नाही, घरपट्टी नाही, शाळेचा दाखला नाही, जन्माची नोंद नाही. दाखला मिळालाच तर पुढे पडताळणी समिती. तिथे रक्ताच्या नात्यातल्या कोणाची वैधता असेल तर काम सोपं, म्हणजे घरात पहिला शिकणारा सगळ्यात जास्त अडतो.

समितीची बाजूही आहे. खोट्या दाखल्यांवर नोकऱ्या लाटल्याची प्रकरणं महाराष्ट्राने भरपूर पाहिली. ‘राजपूत भामटा’ या नोंदीचा आधार घेऊन भलतेच लोक आत शिरतात ही तक्रार खुद्द विमुक्त संघटनांचीच आहे. पडताळणी सैल केली तर घुसखोरी, आवळली तर खरा लाभार्थी बाहेर. शासनाने गृहचौकशीसारख्या सवलती वेळोवेळी दिल्या; तालुक्याच्या टेबलावर त्या कितपत उतरतात हे त्या टेबलामागच्या माणसावर ठरतं.

दाखला ही निदान शिकलेल्याची गरज. रेशनकार्ड, मतदार यादी, दफनाची जागा यांचीही गाठ पत्त्याशीच आहे. गायरानावर पाल ठोकलं तर ते अतिक्रमण; अतिक्रमण म्हणून ग्रामपंचायत नोंद करत नाही; नोंद नाही म्हणून घरकुल नाही; घरकुल नाही म्हणून पाल. मुक्त वसाहत योजनेची गाडीही बऱ्याच ठिकाणी जागेपाशीच थांबली, कारण गावाला शेजार नको असतो. भेदभावाचं हे रूप कोणत्याही यादीने सुटणारं नाही, आणि माझ्या मते चर्चेत त्याला मिळते त्याहून पुष्कळ जास्त जागा मिळायला हवी.

ठाणं आणि जमाव

1998 साल या प्रश्नाच्या इतिहासात महत्त्वाचं. फेब्रुवारीत पश्चिम बंगालच्या पुरुलियात बुधन शबर या खेडिया शबर तरुणाचा पोलीस कोठडीत मृत्यू झाला. महाश्वेतादेवींनी हे प्रकरण लावून धरलं आणि कलकत्ता उच्च न्यायालयाने भरपाईचा आदेश दिला. त्याच वर्षी महाश्वेतादेवी, गणेश देवी आणि लक्ष्मण गायकवाड यांनी मिळून विमुक्तांच्या हक्कांसाठी कृतिगट उभा केला. अहमदाबादच्या छारा तरुणांनी बुधनच्या नावाने नाटकमंडळी काढली. जूनमध्ये बारामतीत एका पारधी माणसाचा पोलिसांच्या मारहाणीत जीव गेला आणि प्रश्न महाराष्ट्राच्या दाराशी आला.

सराईत गुन्हेगार कायद्यावरचे दोन्ही पक्ष इथेच समोरासमोर येतात. पोलिसांचं म्हणणं असं: हा कायदा जात पाहत नाही, ठरावीक काळात ठरावीक वेळा शिक्षा झालेल्या व्यक्तीला लागतो, घरफोडी-दरोड्याच्या तपासात सराईतांची माहिती नसेल तर तपास आंधळा होईल. विरोधकांचं म्हणणं असं की शिक्षेपर्यंत कोण पोचतो हेच मुळात जातीवर ठरतं. चोरी झाली की पहिली धाड पारध्यांच्या पालावर, वकील नाही, जामीनदार नाही, किरकोळ गुन्ह्यात कबुली देऊन सुटणं स्वस्त. अशा तीन कबुल्या जमल्या की माणूस कागदोपत्री सराईत. राष्ट्रीय मानवी हक्क आयोगाने 2000 साली आणि संयुक्त राष्ट्रांच्या वांशिक भेदभावविरोधी समितीने 2007 साली हे कायदे रद्द करा असं सांगितलं. 3 ऑक्टोबर 2024 रोजी सुकन्या शांता विरुद्ध भारत सरकार या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने तुरुंगांतली जातीनुसार कामाची वाटणी घटनाबाह्य ठरवली, नियमावल्यांतले भटक्या आणि गुन्हेगार जमातींचे उल्लेख काढायला लावले आणि विमुक्तांना मनमानी अटक होऊ नये अशी ताकीद पोलिसांना दिली. सराईत गुन्हेगार कायद्यांच्या घटनात्मकतेबद्दल शंका व्यक्त केली, पण ते कायदे त्या खटल्यात रद्द झाले नाहीत.

अत्याचारविरोधी कायद्याचीही एक फट आहे. 1989 चा कायदा अनुसूचित जाती-जमातींपुरता. फासेपारध्याला जातीवरून मारहाण झाली तर तो लागू, वडाराला किंवा डवरी गोसाव्याला झाली तर नाही. संरक्षणाची व्याप्ती वाढवा ही मागणी इदाते आयोगानेही उचलून धरली. 1 जुलै 2018 रोजी धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्याला मंगळवेढ्याकडचे पाच डवरी गोसावी भिक्षा मागायला गेले आणि मुलं पळवणारी टोळी समजून जमावाने त्यांना ग्रामपंचायतीच्या खोलीत ठेचून मारलं. 2024 साली न्यायालयाने सात जणांना जन्मठेप दिली. मोबाइलवरची अफवा हे तात्कालिक कारण होतं. अनोळखी भटका दिसताच ती खरी वाटावी, यासाठी लागणारी जमीन मात्र फार जुनी.

धंद्यांवरची बंदी

1952 नंतर या समाजांवर थेट बोट ठेवणारा कायदा झाला नाही; त्यांच्या पोटावर येणारे अनेक झाले. 1949 चा दारूबंदी कायदा आधीपासून होताच; पुढे आले 1954 चा चमत्कारी औषधांच्या जाहिरातींविरुद्धचा, 1959 चा भीक मागण्यास प्रतिबंध करणारा, 1960 चा प्राण्यांच्या छळाविरुद्धचा, 1972 चा वन्यजीव संरक्षणाचा. कंजारभाट, वैदू, नंदीवाले, दरवेशी, गारुडी, पारधी यांच्या धंद्यांशी हे कायदे एकेक ताडून पाहता येतात. 1998 च्या अधिसूचनेने अस्वल, माकड, वाघ, सिंह यांचे खेळ बंद झाले.

यातला एकही कायदा वाईट हेतूने केलेला नाही. अस्वलाच्या नाकात वेसण नको, हे म्हणणाऱ्याला चूक कसं ठरवायचं? वाद आहे तो पुनर्वसनाचा. खेळ बंद करताना खेळ करणाऱ्याचं काय, हे ठरवणं कोणत्याच खात्याचं काम नव्हतं. दिल्ली उच्च न्यायालयाने 2018 साली भीक मागणं गुन्हा ठरवणाऱ्या तरतुदी दिल्लीपुरत्या रद्द केल्या. ज्या राज्यात मूळ कायदा झाला तिथे, महाराष्ट्रात, तो चालू आहे. वासुदेव आणि गोंधळी यांची भिक्षा ही कला की गुन्हा, हे आजही शिपायाच्या मर्जीवर आहे.

घरातलं भांडण

बाहेरून होणाऱ्या भेदभावाविषयी बोलताना आतल्या अन्यायाविषयी बोलायचं की नाही, यावर चळवळीतच दोन मतं आहेत. जातपंचायती दंड करतात, वाळीत टाकतात, बाईच्या चारित्र्याचा निवाडा करतात. कंजारभाट समाजातल्या तरुण-तरुणींनी कौमार्य चाचणीविरुद्ध 2018 च्या सुमारास उघड मोहीम काढली. अंधश्रद्धा निर्मूलन समितीने त्याआधीपासून जातपंचायतींना मूठमाती देण्याचं अभियान चालवलं होतं. 2016 चा सामाजिक बहिष्कारविरोधी कायदा करणारं महाराष्ट्र हे पहिलं राज्य. दुसरी बाजू सांगते की कोर्ट-कचेरीने दार बंद केलेल्या लोकांचं पंचायत हे एकमेव न्यायपीठ होतं, आणि सगळ्या समाजाला रानटी ठरवायला बाहेरच्यांना हे निमित्त पुरतं. तक्रार करणाऱ्या मुलीला मात्र यातली कोणतीच बाजू परवडत नाही. ती पंचायतीविरुद्ध ठाण्यात जाते आणि ठाण्यात तिची जात तिच्याआधी पोचलेली असते.

मोजणी

1931 नंतर सगळ्या जातींची मोजणी झालेली नाही. म्हणून वरचे सगळे वाद अंदाजांवर चालतात. 30 एप्रिल 2025 रोजी केंद्राने पुढच्या जनगणनेत जात मोजण्याचा निर्णय जाहीर केला. बहुतेक देशासाठी तिचा संदर्भक्षण 1 मार्च 2027 हा आहे. भटक्या-विमुक्त संघटनांनी आपल्यासाठी वेगळा रकाना किंवा संकेतांक मागितला आहे. त्यामागचं तर्कशास्त्र साधं: बंजाऱ्यांची गणना तीन राज्यांत तीन प्रवर्गांखाली झाली तर त्यांची बेरीज कोणी करणार नाही. विरोधातला मुद्दा तांत्रिक आहे. 2011 च्या सामाजिक-आर्थिक गणनेत लोकांनी सांगितलेली जातींची नावं 46 लाखांवर गेली होती आणि आकडे वापरण्याजोगे राहिले नाहीत, असं केंद्राने सर्वोच्च न्यायालयाला सांगितलं आहे. आधी नावांची पक्की यादी हवी. आणि ती यादी करताना सापडलेच नाहीत त्या 63 समाजांचं काय करायचं, हेही ठरवावं लागेल.

शिवाय वेळापत्रक. रूढ पद्धतीप्रमाणे बेघरांची गणना संदर्भक्षणाच्या आदल्या रात्री होते. फेब्रुवारीची अखेर म्हणजे गळीत हंगाम. बीड-जालन्याकडचे बंजारा आणि वंजारी तोडकरी त्या रात्री साताऱ्या-कोल्हापूरच्या, कर्नाटकातल्या कारखान्यांच्या हद्दीत कोप्यांमध्ये असतील. यात्रांचाही तोच मोसम असल्याने जोशी, गोंधळी, डवरी वाटेवर. त्या रात्री कोणत्या प्रगणकाने कोणत्या फडावर, कोणत्या यात्रेच्या माळावर जायचं, हे जिल्हा प्रशासनांनी आधी ठरवायचं आहे. त्यासाठी घटनादुरुस्ती लागत नाही.